पैशाचे व्यवहार शिकवणाऱ्या शिक्षकांची तयारी कशी करावी?

बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांनी असे विचारले आहे: आठवी ते दहावीच्या मुलांना बचत, कर्ज, विमा, फसवणूक यांविषयी शिकवायचे असे संस्थेने ठरवले आहे, त्यासाठी शाळेतील नऊ शिक्षकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण दिवाळीच्या सुटीनंतर घ्यायचे आहे आणि पुढे दरमहा एक शनिवार मिळू शकतो. वक्ते म्हणून कोणाला बोलवावे, विषय कोणते ठेवावेत, आणि ‘आम्हालाच शेअर बाजार कळत नाही, मुलांना काय शिकवणार’ असे म्हणणाऱ्या शिक्षकांना काय सांगावे?

मॅडम, शिक्षकांच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्यातूनच निघतात. मी १९ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि त्यानंतरची ११ वर्षे मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रातील शिक्षकांची या विषयाची प्रशिक्षणे घेत आले आहे. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पहिल्या तासाला हेच वाक्य ऐकू येते. त्यामागच्या प्रामाणिकपणाचा मला आदर वाटतो. पण आर्थिक शिक्षण म्हणजे गुंतवणुकीचे शिक्षण आणि गुंतवणूक म्हणजे शेअर बाजार, असे त्यात गृहीत धरलेले असते. आपल्या भागातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात शेअर बाजार अजून यायचा आहे. कर्ज, उचल, हप्ता, जामीन, भिशी, पतसंस्थेतली ठेव आणि मोबाइलवरून होणारी फसवणूक मात्र त्याच्या घरात आजच आहे, आणि या सगळ्याविषयी शिक्षकांना पुष्कळ ठाऊक असते; ते त्यांनी कधी फळ्यावर मांडलेले नसते, इतकेच. घरातला व्यवहार आकड्यांत मांडता येणे, तो मांडताना कोणत्याही मुलाची मान खाली जाऊ न देणे आणि वर्गात कोणतीही योजना न विकणे, एवढ्या तीन गोष्टी ज्याला साधल्या तो शिक्षक हा विषय शिकवू शकतो. दोन दिवसांत या तिन्हींची पक्की सुरुवात होते.

वक्ता आधी ठरवू नका, अशी माझी विनंती आहे. बँकेचे अधिकारी येतात, पडद्यावर चाळीस-पन्नास पाने दाखवतात, शिक्षक मान डोलावतात, प्रमाणपत्र फाइलला लागते आणि वर्गात काहीच पोहोचत नाही, हे मी फार वेळा पाहिले आहे. दोष अधिकाऱ्यांचा नाही. त्यांना बँक ठाऊक असते, नववीचा वर्ग ठाऊक नसतो. रिझर्व्ह बँक, शेअर बाजाराची नियामक सेबी, विमा नियामक आणि निवृत्तिवेतन नियामक या चौघांनी मिळून उभारलेले राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र शिक्षकांसाठी कार्यक्रम घेते, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी परीक्षाही घेते. रिझर्व्ह बँकेच्या पुस्तिका मराठीतही मिळतात. हे साहित्य अवश्य मागवा. बँकेच्या अधिकाऱ्यांना मात्र तिसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी बोलवा, म्हणजे तोपर्यंत शिक्षकांनी चार-सहा तासिका घेतलेल्या असतील आणि विचारण्याजोगे नेमके प्रश्न त्यांच्याजवळ साठलेले असतील.

पहिल्या दिवसाची सकाळ शिक्षकांच्या स्वतःच्या पैशाला द्या. प्रत्येकाने शालार्थ या शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी प्रणालीतून काढलेले आपले पगारपत्रक, पगारदार पतसंस्थेचे पासबुक आणि विम्याच्या हप्त्याची एखादी पावती सोबत आणावी. ही कागदपत्रे कोणी कोणाला दाखवायची नाहीत, हा पहिला नियम. तो आवर्जून मोठ्याने सांगावा, कारण हाच नियम पुढे वर्गातही पाळायचा आहे. मग सुलभकाने साधे प्रश्न विचारत जावे आणि प्रत्येकाने आपल्यापुरते उत्तर लिहावे. व्यवसाय कर दरमहा २०० रुपये जातो, मग वर्षाचे २,५०० कसे होतात? (फेब्रुवारीत ३०० जातात.) १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांची निवृत्तिवेतनासाठी होणारी कपात नेमकी कोठे जमा होते, आणि आजवर किती जमली? पॉलिसीत आपल्यामागे कुटुंबाला मिळणारी रक्कम आपल्या किती महिन्यांच्या पगाराएवढी आहे? बँक खात्यावर, भविष्य निर्वाह निधीवर नॉमिनी म्हणून कोणाचे नाव लावले आहे? या शेवटच्या प्रश्नाला नेहमी शांतता पसरते. लग्नाआधी वडिलांचे नाव लावलेले असते, वडील जाऊन दहा वर्षे झालेली असतात आणि नाव तसेच राहिलेले असते.

त्यानंतर जामिनाचा प्रश्न येतो, आणि त्यासाठी मी नेहमी जास्तीचा अर्धा तास राखून ठेवते. शिक्षकांच्या पतसंस्थेत एकमेकांना जामीन राहणे ही रीतच आहे, नाही म्हणणे अवघड जाते. एका प्रशिक्षणात २२ वर्षे नोकरी झालेले मराठीचे एक शिक्षक होते. आपण कोणाकोणाला जामीन आहोत आणि त्या कर्जांच्या मूळ रकमा किती, हे लिहा म्हटल्यावर त्यांनी चार नावे लिहिली, समोर आकडे मांडले आणि बेरीज केली. ती १८ लाखांच्या वर गेली. ही बेरीज त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केली होती. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारले, ‘मॅडम, माझ्या सहीचा अर्थ एवढा होतो का?’ होतो. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर धनको थेट जामीनदाराकडेही वसुलीला येऊ शकतो. जामिनाची सही ही साक्षीदाराची सही नव्हे, हे वाक्य त्यांनी स्वतःच्या वहीत लिहिले आणि दुसऱ्या दिवशीच्या सरावपाठात दहावीसाठी ‘जामीन’ हाच विषय घेतला. त्या दोन दिवसांत त्याहून चांगला पाठ कोणाचा झाला नाही. स्वतःचा आकडा पाहिलेला शिक्षक मुलांशी वेगळ्या आवाजात बोलतो. तो उपदेश करत नाही, कारण आपणही चुकत आलो आहोत हे त्याला आता ठाऊक असते.

दुपारी पाठ्यपुस्तके उघडावीत. ‘वेगळा तास कोठून आणायचा’ ही अडचण शिक्षक मांडतात. पण सातवीच्या गणितात बँक व सरळव्याज आहे, आठवीत चक्रवाढ व्याज आहे, नववी आणि दहावीच्या गणित भाग एकमध्ये ‘अर्थनियोजन’ या नावाचे प्रकरणच आहे. तास आहेत. त्या तासांत सूत्रात किंमत घालून उत्तर काढण्यापलीकडे काही होत नाही, ही खरी अडचण आहे. दहावीच्या प्रकरणात वस्तू व सेवा कराचे जे दर दिले आहेत, त्यांपैकी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतांश वस्तूंवरून उठले आणि ५ व १८ टक्के हे दोनच मुख्य दर राहिले. शिक्षकांना गावातल्या दुकानांतील खरी बिले आणायला सांगा आणि पुस्तकातल्या उदाहरणाशेजारी ठेवून वाचायला लावा. परीक्षेत उदाहरणात दिलेला दरच वापरायचा, हे मुलांना स्वच्छ सांगावे. पण हातातले बिल वाचताना केंद्राचा कर किती, राज्याचा किती आणि दोन्ही सारखे का, हे त्यांनी शोधलेच पाहिजे. आयकराच्या कोष्टकांचेही तसेच आहे. पुस्तकातले टप्पे जुने झाले म्हणून प्रकरण गाळू नये. टप्प्यांनी कर मोजण्याची रीत तीच राहते.

हा विषय एकट्या गणिताच्या शिक्षकांचा समजू नका. मराठीच्या तासाला औपचारिक पत्र शिकवावेच लागते, मग खात्यातून न कळवता कापलेल्या रकमेबद्दल शाखा व्यवस्थापकांना पत्र लिहायला काय हरकत आहे? इतिहासाच्या शिक्षकांकडे तर १८७५चा दख्खनचा उठाव आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने-घरे गाठली आणि ठिकठिकाणी कर्जाचे कागद जाळले. लोकांना धान्याआधी कागद का जाळावासा वाटला, हा प्रश्न नववीच्या वर्गात विचारून पाहा. कर्जाचा कागद वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये हे सांगायला याहून जवळचे उदाहरण शोधावे लागत नाही.

आता गाभ्याकडे वळते. बहुतेक साहित्यात पहिला पाठ ‘महिन्याचे अंदाजपत्रक’ असा असतो: उत्पन्नाचे भाग पाडा, ठरावीक टक्के आधी बाजूला काढा, उरलेल्यात भागवा. हे पगारदाराचे गणित आहे. एका शाळेत मी नववीच्या वर्गात मागे बसले होते. शिक्षकांनी २० टक्के बचतीचा पाठ नीटनेटका घेतला. शेवटी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, ‘सर, उचल म्हणजे उत्पन्न धरायचं का कर्ज?’ त्याचे आई-वडील ऊसतोडीला जाणारे. सर थांबले, माझ्याकडे पाहिले, आणि ‘उद्या सांगतो’ म्हणाले. त्यांनी काही तरी ठोकून दिले नाही, हे फार चांगले केले. त्या प्रश्नानंतर मी माझे सगळे प्रशिक्षण बदलले.

उचल ही पुढे करायच्या कामाची आगाऊ घेतलेली मजुरी असते, म्हणजे काम होईपर्यंत ती कर्जच असते. ही गोष्ट शब्दांत सांगून फारशी पोहोचत नाही, फळ्यावर मांडली की लगेच पोहोचते. एक कल्पित कुटुंब घ्यावे. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. मुकादमाकडून, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, त्यांनी ८०,००० रुपये उचल घेतली. त्यातले ३०,००० जुन्या देण्यात गेले, २५,००० घराच्या पत्र्याला, १५,००० आजी-आजोबांच्या किराण्याला व औषधाला, १०,००० मुलीच्या शाळेला. जायच्या दिवशी हात रिकामा. हंगामात फडावर खर्ची म्हणून आणखी ३०,००० मिळाले, म्हणजे अंगावर झाले १,१०,०००. हंगामभरात काम झाले ९५,००० रुपयांचे. उचल फिटली नाही. १५,००० पुढच्या वर्षावर गेले. आता मुलांनी जूनपासून मेपर्यंतच्या बारा ओळी आखाव्यात आणि प्रत्येक महिन्यासमोर पैसा केव्हा येतो, केव्हा जातो, हे भरावे. कोणता महिना तुटीचा आहे, त्या महिन्यात पैसा कोणाकडून येतो आणि तो किती महाग पडतो, हे तीन प्रश्न तेवढ्यातून आपोआप उभे राहतात. शेतकरी कुटुंबासाठीही हीच मांडणी चालते: जूनमध्ये बियाणे-खत आणि शाळेचा खर्च एकदम येतो, सोयाबीन-कापसाचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याज सवलतीमुळे शून्य टक्के पडते, पण मुदत चुकली की ती सवलत जाते. म्हणून बारा महिन्यांच्या तक्त्यात फेडीची तारीख लाल शाईने लिहायला लावावी.

कुटुंब कल्पितच असावे, याबाबतीत मी हट्टी आहे. ‘तुमच्या घरचा जमाखर्च लिहून आणा’ असा गृहपाठ कधीही देऊ नये. वर्गात दुकानदाराचे मूलही असते, घटस्फोटित आईचे मूलही असते आणि ज्याच्या घरी कर्जापायी आत्महत्या झाली आहे असे मूलही असू शकते. मुले कल्पित कुटुंबाच्या आडून स्वतःच्या घरचेच बोलतात, आणि तसे बोलण्याची मोकळीक त्यांना त्या आडोशामुळेच मिळते. एखादे मूल तासानंतर येऊन घरच्या सावकारीविषयी बोलले, तर शिक्षकाने मध्यस्थ होऊ नये. ऐकावे, गुप्तता राखावी, मुख्याध्यापकांना विश्वासात घ्यावे, आणि एवढे मात्र सांगता यावे की महाराष्ट्रात २०१४च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे व त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. ही माहिती नऊही शिक्षकांच्या पाठ टाचणाच्या वहीत असली पाहिजे.

व्याजाचा पाठ मी प्रशिक्षणात स्वतः घेऊन दाखवते. आपल्याकडे ‘तीन टक्क्यांनी घेतले’ असे म्हणतात तेव्हा ते महिन्याचे शेकडा तीन असतात, म्हणजे वर्षाचे ३६. गंमत अशी की हे मुलांना ठाऊक असते आणि शिक्षक पुस्तकी सवयीने वार्षिक धरून चालतात. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत मुलेच शिक्षकाला दुरुस्त करतात. करू द्यावे. त्यानंतर मोबाइलचा हप्ता घ्यावा. १२,००० रुपयांचा मोबाइल, बारा हप्ते, दुकानदार म्हणतो ‘फक्त १२ टक्के’. तो वर्षभर पूर्ण १२,००० वर व्याज धरतो: १,४४० रुपये, म्हणजे हप्ता १,१२०. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असते, मग वर्षभर पूर्ण १२,००० आपल्याकडे होतेच कोठे? फळ्यावर बारा ओळी लिहाव्यात. पहिल्या महिन्यात बाकी १२,०००, महिन्याचे एक टक्का व्याज १२०. दुसऱ्या महिन्यात बाकी ११,०००, व्याज ११०. असे करत शेवटच्या महिन्यात बाकी १,०००, व्याज १०. मुलांनाच बेरीज करू द्यावी. ती ७८० येते. १,४४० आणि ७८० हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत आणि शिक्षकाने थोडा वेळ काही बोलू नये. कमी होत जाणाऱ्या बाकीवर मोजले तर त्या ‘फक्त १२ टक्क्यां’चा खरा दर साडेएकवीसच्या आसपास जातो. या तासिकेला सातवीच्या सरळव्याजापलीकडचे काही लागत नाही. तरीही अनेक शिक्षक ती झाल्यावर खिशातून स्वतःच्या कर्जाचा कागद काढून हळूच पाहतात.

फसवणुकीच्या पाठासाठी ‘दामदुप्पट’ हा आपला शब्दच पुरेसा आहे. मुळात दामदुपटीचा नियम ऋणकोच्या बाजूचा होता: एका वेळी वसूल करायचे थकलेले व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये. आज तोच शब्द पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनांच्या फलकावर दिसतो. इथे ७२चा आडाखा शिकवावा: ७२ला व्याजदराने भागले की पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षे साधारण मिळतात. पोस्टाच्या किसान विकास पत्राचा दर ७.५ टक्के आहे आणि मुदत ११५ महिने. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षे, त्याचे महिने ११५. मुलांनी हे स्वतः करून पाहिले की त्यांचा आडाख्यावर विश्वास बसतो. मग उलट विचारावे: कोणी एका वर्षात दुप्पट देतो म्हणत असेल तर तो किती टक्के देऊ म्हणतो आहे, आणि असा कोणता धंदा आपल्या गावात आहे, ज्यात दरवर्षी एवढी कमाई होते? असे फलक दिसल्यास रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर कळवता येते. मोबाइलवरच्या फसवणुकीसाठी दोनच गोष्टी पाठ करून घ्याव्यात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. आणि पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करायचा. घाबरून घरी लपवणाऱ्या मुलाला हा क्रमांक तोंडपाठ असणे फार मोलाचे असते.

ठेवींचा विषय आपल्या भागात हळुवारपणे घ्यावा लागेल. मराठवाड्यात मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या, पतसंस्थांमध्ये पैसे अडकलेली कुटुंबे आपल्या वर्गात असणार, आणि शिक्षकांपैकीही कोणी असू शकेल. बँकेतली ठेव, मग ती सहकारी बँक का असेना, मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाच्या संरक्षणात असते. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. बँक आणि पतसंस्था या दोहोंच्या पाट्या सारख्या दिसतात, काउंटर सारखे दिसतात, पासबुकही सारखे दिसते. फरक विचारल्याशिवाय कळत नाही, आणि तो विचारायला शिकवणे हाच पाठ आहे. विमा म्हणजे गैरसोय होणारच नाही असेही नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. ज्यांचे पैसे अडकले ते मूर्ख होते, असा सूर वर्गात चुकूनही उमटता कामा नये. ओळखीचा माणूस एजंट होता, जास्त व्याज नियमित मिळत होते, आणि कोणी विचारायचे काय हे शिकवलेले नव्हते.

शेअर बाजार गाळावा का? दहावीच्या ‘अर्थनियोजन’ प्रकरणात आहे तेवढा शिकवावा: दर्शनी किंमत, बाजारभाव, लाभांश, दलाली, म्युच्युअल फंड. त्याला एक जोड द्यावी, कारण दहावीच्या मुलांचे मोठे भाऊ मोबाइलवर फ्युचर्स-ऑप्शन्सचे, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे, सौदे करताना मी पाहिले आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत अशा सौद्यांतील १ कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तेवढा एक आकडा फळ्यावर लिहावा आणि पुढे जावे.

एक अवघड गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. आपल्या नऊ शिक्षकांपैकी कोणाच्या तरी घरी विमा एजन्सी असेल, कोणी पतसंस्थेचे संचालक असतील, कोणाचे नातेवाईक म्युच्युअल फंडाचे काम करत असतील. यात गैर काही नाही. पण पहिल्याच दिवशी सर्वांनी मिळून लेखी ठरवावे की वर्गात कोणत्याही कंपनीचे, संस्थेचे किंवा योजनेचे नाव शिफारस म्हणून घेतले जाणार नाही, पालकसभेत पत्रके वाटली जाणार नाहीत आणि प्रशिक्षणासाठी कोणत्याही विक्रेत्याचे प्रायोजकत्व घेतले जाणार नाही. चहा-नाश्त्याचा खर्च संस्थेने उचलावा. पालकांचा विश्वास एकदा गेला की हा विषय शाळेतून उठतो.

दुसरा दिवस पूर्णपणे सरावपाठांचा. प्रत्येकाने पंधरा मिनिटांचा पाठ सहकाऱ्यांसमोर घ्यावा आणि त्यावर दहा मिनिटे बोलणे व्हावे. बोलताना तीनच गोष्टी पाहाव्यात: कोणाचे घर उघडे पडले का, आकडेमोड मुलांच्या हातून झाली का, आणि शिक्षकाने शेवटी सल्ला दिला का. तिसऱ्या ठिकाणी बहुतेकजण घसरतात. सगळा पाठ उत्तम घेऊन शेवटी ‘म्हणून मुलांनो, काटकसर करा’ असे म्हणतात, आणि ज्याच्या घरी काटकसर करण्याजोगे काही उरतच नाही ते मूल तिथेच मनाने बाहेर पडते.

मुलांकडून अपेक्षा कोणती ठेवावी, याविषयीही संस्थेला आधी सांगून ठेवा. ब्राझीलमध्ये सहा राज्यांतल्या ८९२ शाळांत अशा शिक्षणाचा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे मुलांचे ज्ञान व बचत वाढली, पालकांच्या वागण्यातही थोडा फरक पडला. पण त्याच मुलांनी महागड्या हप्त्यांवर वस्तू घेण्याचे प्रमाणही वाढले. बचत शिकली म्हणजे कर्ज आपोआप कळते असे नाही, हे त्यातून मी घेतले, आणि म्हणूनच माझ्या आराखड्यात कर्जाला बचतीपेक्षा दुप्पट वेळ आहे.

शेवटी तारखेविषयी. दिवाळीच्या सुटीनंतर प्रशिक्षण ठेवले तर पहिल्या तासिका डिसेंबरमध्ये होतील. तोवर ऊसतोडीची कुटुंबे कारखान्यांवर गेलेली असतील. काही मुले आई-वडिलांबरोबर गेलेली असतील, काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलेली असतील. उचलीचे करार त्याआधीच होऊन गेलेले असतात. ज्यांच्यासाठी हा विषय सर्वांत निकडीचा आहे, नेमकी तीच मुले बाकावर नसतील. प्रशिक्षण ऑगस्टमध्ये घ्यावे, बारा महिन्यांच्या तक्त्याचा आणि व्याजाचा पाठ दसऱ्याच्या आत संपवावा, आणि जामीन, ठेवी, कर हे विषय नंतरच्या शनिवारांच्या तयारीने घ्यावेत. या वर्षी ऑगस्ट हातचा गेला असेल तर निदान गणित आणि मराठीच्या दोन शिक्षकांना एका शनिवारी बसवून तेवढे दोन पाठ तयार करून घ्यावेत. त्यासाठी पगारपत्रक, कोरे कागद आणि फळा यांखेरीज काही लागणार नाही. पाठ झाल्यावर, जाणार असलेल्या मुलांनी तो तक्ता वहीतून फाडून सोबत न्यावा आणि परत आल्यावर भरून आणावा, असे त्यांना सांगा. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने एप्रिलमध्ये असा तक्ता परत आणला होता. त्यात खर्चीचा प्रत्येक आठवडा तारखेसह लिहिलेला होता, आणि हिशेबाच्या दिवशी तिच्या वडिलांनी तो मुकादमासमोर ठेवला होता.